खोटे ओरखडे

वाटाणे काढायला म्हणून मी तळघरातला डीप फ्रीझर उघडला, तर वाटाण्यांच्या पिशवीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक धड होतं. मान वेगळी काढलेली. टॉवेल माझा, लग्नात आलेला, कडेला नक्षी असलेला. ते धड गिटारचं आहे हे कळायला मला एक क्षण लागला, आणि त्या एका क्षणासाठी मी माझ्या मुलीला अजून माफ केलेलं नाही.

"इरेने!" मी जिन्यातून ओरडले.

"आई, झाकण लाव आधी! गारवा जातो!"

म्हणजे चूक माझीच.

इरेने सत्तावीस वर्षांची आहे. अँकोनामधली विमा कंपनीतली नोकरी सोडून गेली दोन वर्षं ती माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गिटारी तयार करते. इथवर मला काही म्हणायचं नाही. आमच्या गावात निम्म्या घरांतून कुणी ना कुणी अ‍ॅकॉर्डियनच्या नाहीतर गिटारच्या कारखान्यात होतंच. पण ही मुलगी आधी नवी कोरी गिटार करते, तिला आरशासारखं लॅकर मारते, आणि मग पन्नास वर्षं कुणीतरी ती वाजवून वाजवून झिजवली आहे असं दिसेपर्यंत तिची दुर्दशा करते. किल्ल्यांचा जुडगा वरून टाकते. कडा घासते. स्क्रू बरणीत घालून आम्लाच्या वाफेत गंजवते. रात्रभर गिटार गोठवते आणि सकाळी तिच्यावर गरम हवा सोडते, म्हणजे लॅकरला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. अशा गिटारींना मागणी आहे. नव्या गिटारीपेक्षा जास्त.

"का पण?" मी एकदा विचारलं.

"आई, लोक फाटक्या जीन्स नाही का विकत घेत?"

"माझी जीन्स मी चांगली घेतली होती. ती तुझ्या वडिलांनी धुतली आणि मग फाटली."

तिचे वडील ग्रीसला जाणाऱ्या बोटीवर इंजिनात असतात. ते अशा सगळ्या प्रसंगांतून सुटतात. मी इथे असते. मी फार्मसी शिकले आहे, गावातल्या औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं उभी आहे, आणि आम्लाची वाफ फुप्फुसात गेली की काय होतं ते मला पानापानांनिशी माहीत आहे. म्हणून मी दिवसातून चार वेळा फोन करते. मास्क लावलास का? खिडकी उघडी आहे का? इरेने म्हणते, "आई, तू फोन केलास की मला मास्क काढून बोलावं लागतं."

पण मला सांगायचं आहे ते माझ्या बाबांबद्दल.

बाबांचं नाव सेत्तिमियो, म्हणजे सातवा. आजी-आजोबांकडची नावं सहाव्या मुलापर्यंत संपली होती. चौदाव्या वर्षी ते कारखान्यात गेले. तेव्हा अ‍ॅकॉर्डियनची चलती होती. मग पोरांना गिटारी हव्याशा वाटू लागल्या, आणि त्याच कारखान्यात, त्याच माणसांनी, तोच चकचकीत मुलामा देऊन गिटारी करायला घेतल्या. बाबा लॅकरच्या खोलीत होते. धूळ उडू नये म्हणून तिथल्या फरशीवर पाणी सोडलेलं असे. लोकरीचा धागा अंगावर चालत नसे. स्प्रे गन कडेपासून कडेपर्यंत जाईतो श्वास रोखून धरायचा, कारण हात हलला तर लॅकरचा ओघळ येतो. आजही बाबा सही करताना श्वास रोखतात. बँकेतल्या नव्या मुलीने एकदा घाबरून मला फोन केला होता.

पंचविशीत त्यांना शेवटच्या टेबलावर बसवलं. उत्तरेकडची खिडकी, एक टेबल, एक स्टूल. कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून जायची. त्यांच्याकडे एक लाल मेणाची पेन्सिल होती. कुठे बुडबुडा, कुठे केस, कुठे नखाएवढा ओरखडा दिसला की त्याभोवती ते लाल गोल काढत आणि माल परत पाठवत. बोलत काही नसत. पॉलिशच्या खात्यातल्या मुली त्यांना 'गोल सेत्तिमियो' म्हणायच्या. त्या मुलींपैकी एक माझी आई, नोरिना. एके दिवशी तिच्या हातचे अकरा नग परत आले. ती तडक टेबलाशी गेली, त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, त्यांच्या नाकावर एक मुरूम होता त्याभोवती गोल काढला आणि म्हणाली, "हाही परत पाठवा." चौदा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात आरडाओरडा नव्हता. लाल गोल होते. दप्तराच्या बक्कलाने टेबलाला चरा पडला की बाबा खिशातून पेन्सिल काढून त्याभोवती गोल काढायचे आणि हात धुवायला जायचे. मग त्या गोलाकडे बघत मला जेवावं लागायचं. रविवारी ते बुजवायची लांबी आणि लॅकर घेऊन बसत आणि चरा नाहीसा होई. आमचं स्वयंपाकघरातलं टेबल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं आहे आणि त्याच्यावर एक रेघ नाही. माझ्यावर आहेत.

अशा माणसाच्या गॅरेजमध्ये माझ्या मुलीने आपलं दुकान थाटलं. बाबांनी जागा आनंदाने दिली. नात गिटारी करते! आपले जपून ठेवलेले ब्रश, टिनचे डबे, शेवटचं टेबलसुद्धा दिलं. कारखाना बंद झाला तेव्हा ते हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. आठवडाभर सगळं छान चाललं. मग इरेनेने पहिल्या गिटारीवर किल्ल्यांचा जुडगा टाकला. बाबा घरात येऊन बंद टीव्हीसमोर बसले.

"लोरे," मी गेल्यावर ते म्हणाले, "पोरीला काही झालंय का?"

"काही नाही बाबा. धंदाच आहे तो."

"गिऱ्हाईक पैसे देऊन वस्तू खराब करून घेतं?"

"घेतं."

"मग मी चाळीस वर्षं काय करत होतो?"

मी त्यांच्या गोळ्यांच्या डबीत गोळ्या भरल्या आणि घरी आले.

आता कराराचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं होतं. ऑगस्टमध्ये मी इरेनेकडून शब्द घेतला होता. नोव्हेंबर संपायच्या आत एखादं कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाहीतर गॅरेज बंद, आणि जानेवारीपासून स्टुटगार्टला, तिच्या मैत्रिणीने यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत बघून ठेवलेली नोकरी. पगार, विमा, रजा, सगळं. शब्द मीच घेतला. मग तीन महिने मीच रात्री जाग आली की स्टुटगार्टचं हवामान बघत होते.

नोव्हेंबरच्या मध्याला त्रिएस्तेहून मिरेल्ला फुर्लान या बाईंचा फोन आला. त्यांचं गिटारींचं मोठं दुकान आहे. शनिवारी अकरा वाजता येते, म्हणाल्या, एक नग बघते, पटला तर पुढचं बोलू. इरेनेने तीन आठवडे खपून एक आकाशी गिटार तयार केली होती. माझ्या टॉवेलातली तीच. टवके, भेगा, गंज, सगळं झालेलं. फक्त जोडणी बाकी होती. त्या आधीच्या शनिवारी ती मैत्रिणीच्या लग्नाला फाएन्झाला गेली, मंगळवारी येते म्हणून. जाताना आजोबांसमोर बोट नाचवून म्हणाली, "आजोबा, हात लावायचा नाही हं."

"मी कशाला लावू? मला तर बघवतही नाही."

"मग बघूही नकोस."

मंगळवारी संध्याकाळी मी बाबांसाठी सूप घेऊन गेले होते. इरेनेची गाडी त्याच वेळी आली. आम्ही दोघी एकदमच गॅरेजमध्ये शिरलो. दिव्याखाली, आकड्याला, गिटार टांगलेली होती. निळी, नितळ. तिच्यात मला माझा चेहरा दिसला, हातातलं सुपाचं भांडं दिसलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या इरेनेचं उघडं पडलेलं तोंड दिसलं.

एक टवका नाही. एक भेग नाही. तीन आठवड्यांच्या भेगा थिनरच्या एका फवाऱ्यात वितळून मिटल्या होत्या. टवक्यांमध्ये रंग भरून, घासून, पॉलिश करून कडा जशा हव्यात तशा झाल्या होत्या. बाबा बाजूला उभे होते. चेहऱ्यावर समाधान आणि अपराध दोन्ही एकाच वेळी, चोरून साखर खाल्लेल्या मधुमेह्यासारखं.

"आजोबा," इरेने हळू आवाजात म्हणाली, "हे काय केलंस?"

"एकच बुजवायचा होता," बाबा म्हणाले.

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. तिने गाडी सुरू केली नाही. नुसतीच बसली.

मग मी सुरू झाले. सूप ठेवलं आणि सुरू झाले. "बाबा, शनिवारी ती बाई येणार आहे! पोरीने सांगितलं होतं ना? शब्द दिला होता ना तुम्ही? आता मुलगी जाणार जर्मनीला, कळतंय का? तुमच्या हातांना एवढी खाज असेल तर माझ्या घरी या, माझी कपाटं आहेत, दारं आहेत, काय हवं ते घासा!"

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आता ती जाणार, पगार, विमा, रजा, म्हणजे मला हवं होतं ते होणार. त्याने मी आणखीच चिडले.

"खालच्या कडेला एक टवका होता," बाबा म्हणाले. "मी एक अख्खा दिवस त्याच्याकडे पाठ करून बसलो. पण तो दिसत राहिला. खोटा होता तो, लोरे. तो बुजवला, तर शेजारचा खोटा दिसायला लागला. मग त्याच्या शेजारचा."

"सगळेच खोटे आहेत, बाबा! तोच तर धंदा आहे!"

"खोटा म्हणजे?" दारातून इरेने. गाडीतून कधी उतरली कळलं नाही. नाक लाल, डोळे लाल.

बाबांनी गिटार आकड्यावरून काढून टेबलावर ठेवली. "इथे होता ना टवका? इथे तो कधी पडतो? भिंतीला टेकवलेली गिटार घसरली तर. पण घसरली की आधी मान आपटते. मग तुझ्या मानेच्या टोकाला खूण कुठंय? आणि पाठीमागे पट्ट्याच्या बक्कलाने घासलंय ते इतकं वर? हा माणूस काय छातीपर्यंत पँट घालायचा?"

इरेनेने नाक पुसलं. "तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला माहीत? समुद्राकाठी उन्हाळाभर नाच चालायचे. सगळे वाजवणारे सप्टेंबरमध्ये गिटारी आणून माझ्या टेबलावर टाकायचे, नव्यासारखी कर म्हणून. वीस वर्षांचे सप्टेंबर पुसलेत मी. शेकडो गिटारी."

आपल्या नातीला जे पुस्तकांत आणि फोटोंत शोधावं लागत होतं, ते सगळं एका माणसाला पाठ होतं, आणि त्याने ते जन्मभर मिटवलं होतं. मला हे तेव्हा असं काही सुचलं नाही. मला एवढंच सुचलं की सूप गार होतंय.

"मग सांग," इरेने म्हणाली. "कुठे पडतात ते सांग."

"आधी तू सांग. ही कुणाची?"

"फुर्लानबाईंची. त्यांनी घेतली तर."

"वाजवतं कोण?"

"कुणीच नाही. नवी आहे."

"मग झिजली कशाने?" बाबा वैतागले. "माणूस ठरव. जाडा की बारीक? बसून वाजवतो की उभ्याने? हातात अंगठी आहे का? माणूस नसेल तर ती झीज नाही, ती नुसती घाण."

इरेने माझ्याकडे बघायला लागली, जणू मी एखादा माणूस काढून देणार होते.

"एल्पिदियो घे," शेवटी बाबाच म्हणाले. "मेला बिचारा, त्याची हरकत नाही. पोर्तो रेकानातीचा. सकाळी मासे विकायचा, रात्री गिटार वाजवायचा. बुटका आणि गोल. गिटार पोटावरच बसायची, त्यामुळे पाठीला बक्कलाचं नाव नको. पाठीला घाम. उजव्या करंगळीत अंगठी, जाड, बायकोची आठवण म्हणायचा, बायको जिवंत होती. ती अंगठी इथे घासायची, तारांच्या खाली, याच जागी. मध्यंतरात पट्ट्याने गिटार खुर्चीच्या पाठीला अडकवून जेवायला जायचा. म्हणून खुर्चीची कड लागलेली खूण इथे. दर वर्षी इथेच. स्क्रूंना माशाचा वास आणि मीठ."

"वास नको," मी म्हणाले.

"वास नाही," इरेने म्हणाली. तिच्या हातात वही कधी आली होती, देव जाणे.

बुधवारी मी दुकानातून लवकर सुटून गेले, तर बाबा स्टुलावर बसून निळ्या लॅकरवर लाल गोल काढत होते आणि इरेने प्रत्येक गोलाच्या आत टवके पाडत होती. बाबा स्वतः एकही टवका पाडायला तयार नव्हते. तिने हातोडी पुढे केली की हात मागे घेत.

"तू पाड. मी फक्त दाखवतो."

"आजोबा, एक तरी!"

"नाही म्हणजे नाही. वेडी झालीस का तू?"

मग भेगांचा प्रश्न आला. रात्रभर गोठवायला हवं, आणि या वेळी गिटार आडवी सपाट ठेवायला हवी, म्हणजे फ्रीझर तळापर्यंत रिकामा. माझा फ्रीझर. त्यात नाताळासाठी चौदा माणसांच्या कापेल्लेत्ती होत्या, मांसाचं सारण भरून दोन दिवस राबून वळलेल्या. चार सशांचं मांस होतं. रागूचे, म्हणजे मांसाच्या सॉसचे, नऊ डबे होते. मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. मग तळघरात जाऊन सगळं काढलं. कापेल्लेत्ती शेजारणीच्या फ्रीझरमध्ये गेल्या आणि त्यांपैकी किती परत येतील हे मला चांगलं माहीत आहे. ससे वितळायला लागले म्हणून मी चारही शिजवले. गुरुवारी दुपारी ससा, गुरुवारी रात्री ससा, शुक्रवारी ससा. इरेनेने शुक्रवारी सँडविचमध्येही ससा बघितला आणि म्हणाली, "आई, आपण याला भेगा पाडू या का?" मला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी गिटार बाहेर काढून, टॉवेलात गुंडाळून, बाबांच्या गॅरेजमध्ये आणली. इरेनेला दोन्ही हातांनी ती धरायची होती, म्हणून हेअर ड्रायर माझ्या हाती आला. मी, फार्मसीची पदवीधर, गॅरेजमध्ये उभी राहून एका गोठलेल्या गिटारीवर गरम हवा सोडत होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक बारीक आवाज आला, काचेवर कुणी सुई टोचावी तसा. मग दुसरा. मग सरसर, थांबेचना, निळ्यावर भेगा धावायला लागल्या.

बाबा उठून अंगणात गेले. तो आवाज त्यांच्या कारखान्यात कुणाच्या तरी गाढवपणाचा आवाज होता. कडाक्याच्या थंडीत कुणी दार उघडं टाकलं की शंभर नग एका रात्रीत जायचे आणि सकाळी असाच आवाज यायचा. अंगणात जाऊन ते कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. कोंबड्यांचं पोट भरलं, तरी टाकत राहिले.

शुक्रवारी एकच जागा उरली. वरची कड, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो. तिथे रंग जाऊन खालचं लाकूड दिसायला हवं. इरेनेने घासकागद घेतला. बाबांनी दुसऱ्याच मिनिटाला तो तिच्या हातातून काढला.

"हे घासलेलं दिसतं. झिजलेलं नाही दिसत."

"मग कसं करू?"

"हाताने झिजतं ते."

"आजोबा, हाताने करायला तीस वर्षं लागतील. बाई उद्या येतेय."

बाबा थोडा वेळ त्या कडेकडे बघत बसले. मग उठले, आपल्या कपाटातून पॉलिशची जुनी डबी आणि फ्लॅनेलचं फडकं काढलं, बाह्या वर केल्या, आणि पॉलिश करायला लागले. चाळीस वर्षं केलं तसंच, गोल गोल, एका लयीत. कड चकाकली. इथे ते नेहमी थांबत असत. आज थांबले नाहीत. मी म्हणाले, "बाबा, झालं आता." ते करतच राहिले. तासाभराने निळा फिका झाला. आणखी तासाभराने खालचा पांढरा थर दिसला. मी खांद्याचं औषध दिलं, ते गिळलं आणि परत सुरू. दुपार सरली तेव्हा फडक्याखाली लाकूड होतं, मऊ, कडेला विरत गेलेलं, जिथे रंग संपतो ती रेघच सापडू नये असं.

"इतकंच," ते म्हणाले आणि दंड चोळत बसले. "थांबलं नाही की होतं हे."

इरेनेने त्या जागेवरून बोट फिरवलं, दोनदा. मी म्हणाले, जेवायला चला, ससा आहे.

शनिवारी मी साडेदहालाच पोचले. इरेने दारात उभी होती. रंग उडालेला, आणि हा तिने स्वतः उडवलेला नव्हता.

"आई, बघ त्याने काय केलंय."

जोडून झालेली गिटार शेवटच्या टेबलावर, खिडकीखाली होती. तिच्यावर तीन लाल गोल होते. मेणाच्या पेन्सिलीचे, ठसठशीत.

"सकाळी पाच वाजता उठून शेवटची तपासणी केली म्हणतो!"

"बाबा!"

"तीन राहिलेत," बाबा शांतपणे म्हणाले. ठेवणीतला इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. "हा एल्पिदियोचा नाही. हाही नाही. आणि हा तर किल्ल्यांचा आहे, सरळ दिसतो."

"पुसा ते! आत्ता! बाई येईल!"

"पुसून काय होईल? गोल पुसला म्हणून टवका खरा होणार आहे का?"

मी फडकं शोधत होते. ते पॉलिशचं फडकं हाताला लागलं आणि त्याने पुसू नये एवढी अक्कल शिल्लक होती म्हणून दुसरं शोधत होते, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. फुर्लानबाई वेळेआधी आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात साखळीला चष्मा. कॉफी नको म्हणाल्या. सरळ टेबलाशी गेल्या.

बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मागून बघितली, कडेने बघितली, वरच्या कडेवरून तळहात फिरवला. मग गोलांवर बोट ठेवलं.

"हे काय?"

इरेनेने तोंड उघडलं. बाबा आधी बोलले. "हे तीन खोटे आहेत. बाकी माल ठीक आहे."

मी डोळे मिटले. स्टुटगार्टला जानेवारीत उणे चार असतं.

फुर्लानबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या गोलात बघितलं. मग दुसऱ्या. "हा किल्ल्यांचा दिसतोय," तिसऱ्याबद्दल म्हणाल्या. "हे दोन मला कळले नसते. काका, कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवलं कुणी नाही. पुसायचं काम होतं माझं."

"आणि ही वरची कड? ही कशाने केलीत?"

"पॉलिशने," बाबा म्हणाले, आणि थोडे लाजले.

बाईंनी गिटार उचलली, पोटाशी धरली, जरा वाजवली. फार चांगलं वाजवत नाहीत. मग इरेनेकडे वळल्या. "मला बारा हव्या होत्या. बारा नकोत. घाईत बारा केल्यात तर सगळ्या सारख्या होतील. ईस्टरपर्यंत चार. प्रत्येकीचा माणूस वेगळा. आणि काकांचा गोल नसलेलीच मी उचलेन. ते तीन नीट करा, ही पुढच्या आठवड्यात न्यायला माणूस पाठवते."

त्या गेल्या. इरेनेने आजोबांना इतक्या जोरात मिठी मारली की ते "खांदा, खांदा!" म्हणून ओरडले. मग ती माझ्याकडे वळली, आणि चेहरा एकदम सावध झाला.

"आई. ईस्टरपर्यंत चार. हे कायमचं गिऱ्हाईक झालं ना?"

खरं सांगायचं तर नाही झालं. चार गिटारी म्हणजे कायमचं काही नव्हे. ईस्टरनंतर काय? विमा कोण भरणार? आम्लाच्या वाफा तशाच राहणार. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि चार माणसं आठवून त्यांची झीज सांगायला ते किती वर्षं पुरणार आहेत? शब्द शब्द असतो, आणि तो मीच मागितला होता.

"मास्क लावत जा," मी म्हणाले.

"म्हणजे हो का?"

"खिडकी उघडी ठेव आणि मास्क लावत जा."

बाबा तोवर परत टेबलाशी बसले होते. त्यांना दुसरा माणूस ठरवायचा होता. सेनिगाल्लियाच्या एका डावखुऱ्याबद्दल ते पुटपुटत होते, उभा राहून वाजवायचा, पट्टा फार लांब ठेवायचा.

घरी येऊन मी फ्रीझर परत लावला. शेजारणीकडून कापेल्लेत्ती आल्या, मोजल्या नाहीत. रागूचे डबे एकावर एक रचले, वाटाण्यांच्या पिशव्या उभ्या कोपऱ्यात दाबल्या, आणि तळाचा भाग, गिटार आडवी बसेल एवढा, मोकळा ठेवला. तळाला जुना टॉवेल अंथरला. लग्नातला वर कपाटात नेऊन ठेवला, आणि कपाटाला कुलूप लावलं.